दोनाचा सदुसष्टावा घात

बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे प्रत्येक घरी दुप्पट करीत गेल्यास चौसष्टाव्या घराअखेर दाण्यांची एकंदर बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी भरते, राजाचे कोठार अपुरे पडते आणि गोष्ट संपते. त्या पटाला आणखी तीनच घरे असती तर हीच बेरीज १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ झाली असती. दोनाचा सदुसष्टावा घात घेऊन त्यातून एक वजा केला म्हणजे येणारी ही एकवीस अंकी संख्या होय. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील दशगुणोत्तर संज्ञांची परंपरा परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी थांबते, ही संख्या चौदाशे पंचाहत्तर परार्धांहूनही मोठी आहे. परंतु तिची ख्याती आकारामुळे नाही. १६४४ साली ती मूळ संख्या असल्याचे एका विद्वान ख्रिस्ती संन्याशाने छापून जाहीर केले. १८७६ साली ती मूळ नसून संयुक्त असल्याचे सिद्ध झाले, पण तिचा एकही अवयव कोणाच्या हाती लागला नाही. आणि १९०३ साली तिचे दोन्ही अवयव प्रकट झाले. मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याचा जो एक स्वतंत्र उद्योग या दोनशे एकोणसाठ वर्षांत युरोपात व पुढे अमेरिकेत उभा राहिला, त्याचे मर्म या एकाच संख्येच्या चरित्रात सापडते.

चौसष्ट घरांची बेरीज आणि सदुसष्ट घरांची बेरीज यांत आकाराने फारसे अंतर नाही. प्रकृतीने मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे. चौसष्ट ही संख्या स्वतःच दोनाचा घात असल्यामुळे तिच्यावरून बनलेली बेरीज बत्तिसाव्या घातावरून, सोळाव्या घातावरून, आठव्या घातावरून अशी पायरीपायरीने विभागत जाते आणि अखेरीस ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ या सात मूळ संख्यांचा गुणाकार म्हणून उलगडते. सदुसष्ट ही मूळ संख्या असल्यामुळे तिच्यावरून बनलेल्या बेरजेला अशी एकही सांध आयती मिळत नाही. घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्त असते, हा नियम अबाधित आहे. परंतु घातांक मूळ असला म्हणजे संख्याही मूळ असलीच पाहिजे, असे नाही. दोनाच्या अकराव्या घातातून एक वजा केल्यास २,०४७ येतात, आणि ते २३ व ८९ यांच्या गुणाकाराने बनले आहेत. कोणता मूळ घातांक मूळ संख्या देतो आणि कोणता देत नाही, हे वरवर पाहून कळण्याचा मार्ग नाही, आणि सगळ्या वादाचे बीज येथेच आहे.

हा वाद कोणी उकरून काढावा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे मूळ ग्रीकांच्या पूर्णसंख्यांच्या कौतुकात आहे. स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच होते ती पूर्णसंख्या. ६, २८, ४९६ व ८,१२८ ही तिची परंपरागत उदाहरणे. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडात दाखवून दिले की दोनाच्या घातातून एक वजा करून येणारी संख्या मूळ असेल, तर तिला दोनाच्या लगतच्या खालच्या घाताने गुणले असता पूर्णसंख्या मिळते. म्हणजे पूर्णसंख्यांचा शोध हा वस्तुतः अशा मूळ संख्यांचा शोध ठरला. सतराव्या शतकात तो हाती घेणारा मारँ मर्सेन हा पॅरिसच्या मिनिम पंथाच्या मठात राहणारा संन्यासी होता. नियतकालिके निघण्यापूर्वीच्या त्या काळात युरोपातील गणितज्ञांचा पत्रव्यवहार त्याच्या मठातूनच फिरत असे. एकाचे कूट दुसऱ्याकडे धाडावे, दुसऱ्याचे उत्तर तिसऱ्याला कळवावे, असे ते एका माणसाचे दप्तर होते. १६४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने विधान केले की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ हे अकराच घातांक मूळ संख्या देतात, इतर एकही देत नाही. यास कसलाही आधार त्याने जोडलेला नाही. किंबहुना पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्यास सारा काळही अपुरा पडेल, अशी कबुली त्यानेच दिली आहे. आणि या यादीतील शेवटची संख्या तर अठ्ठ्याहत्तर अंकी आहे. तरीही त्या यादीचा दबदबा दोन शतकांहून अधिक काळ टिकला, याचे कारण तिचा खरेखोटेपणा तपासण्याचे साधनच कोणाजवळ नव्हते.

साधने घडविण्याचा आरंभ मर्सेनच्याच पत्रव्यवहारातून झाला. तुलूझच्या न्यायसभेत अधिकारी असलेल्या पिएर फर्माला त्याने १,००,८९,५५,९८,१६९ ही संख्या मूळ आहे काय, असे विचारले, आणि १६४३ च्या एप्रिलात फर्माचे उत्तर आले की ती ८,९८,४२३ व १,१२,३०३ यांच्या गुणाकाराने होते. हे अवयव त्याने कसे काढले ते त्या पत्रात नाही. परंतु त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका टिपणात त्याची रीत दिलेली आहे. दिलेल्या संख्येहून किंचित मोठा वर्ग घ्यावा, त्यातून ती संख्या वजा करावी, आणि बाकीही वर्ग निघाली तर दोन्ही वर्गमुळांची बेरीज व वजाबाकी हेच अवयव होत. २,०२,७६,५१,२८१ ही संख्या घेऊन त्याने ४५,०३० च्या वर्गापासून आरंभ केला आणि बाराव्या प्रयत्नात ४५,०४१ च्या वर्गापाशी बाकी १०,४०,४००, म्हणजे १,०२० चा वर्ग, अशी मिळाली. त्यावरून ४६,०६१ व ४४,०२१ हे अवयव सिद्ध झाले.

येथे आपल्या वाचकांस आवर्जून सांगण्याजोगी गोष्ट अशी की ही रीत फर्माच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षे, १३५६ साली, नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’ या ग्रंथात विभाजक काढण्याच्या प्रकरणात सांगून ठेवली आहे. १,१६१ ही संख्या घेतली तर तिच्या लगतचा मोठा वर्ग ३५ चा, म्हणजे १,२२५. वजाबाकी ६४, म्हणजे ८ चा वर्ग. म्हणून ३५ उणे ८ म्हणजे २७ आणि ३५ अधिक ८ म्हणजे ४३ हे अवयव झाले. युरोपीय ग्रंथांतून या रीतीस फर्माचे नाव रूढ झाले आहे, आणि फर्माने ती स्वतंत्रपणे शोधली यात शंका घेण्याचे कारण नाही. पण अग्रमान नारायण पंडितांकडे जातो, हे आपल्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे छापले जावे असे मला मनापासून वाटते.

या रीतीचे सामर्थ्य दोन अवयव एकमेकांजवळ असतील तेव्हाच दिसते. आपल्या सदुसष्ट घातांकाच्या संख्येवर ती चालवावयाची म्हटली तर छत्तीस हजार कोटींहून अधिक वर्ग तपासावे लागले असते. तिच्याबाबत अधिक उपयोगी पडली ती फर्माचीच दुसरी देणगी. घातांक मूळ असेल तर अशा संख्येचा कोणताही मूळ विभाजक घातांकाच्या दुपटीने भागला असता बाकी एकच उरते, हे त्याने १६४० साली ताडले, आणि त्याच्या बळावर घातांक ३७ असलेली बारा अंकी संख्या २२३ ने फोडून दाखविली. २२३ म्हणजे ७४ च्या तिपटीत एक अधिक. सदुसष्टच्या बाबतीत याचा अर्थ असा की विभाजक असलाच तर तो १३४ च्या कोणत्या तरी पटीहून एकाने मोठा असणार. संख्येचे वर्गमूळ सुमारे १,२१४ कोटी ८० लाख. तेथपर्यंतचे उमेदवार एकदम नऊ कोटींवर उतरले. पुढे आणखी एक नियम आला, की विभाजकास आठाने भागल्यास बाकी एक किंवा सातच उरली पाहिजे; त्याने उमेदवार पुन्हा निम्मे झाले. तरीही साडेचार कोटी भागाकार उरतात, आणि लेखणीने ते करणे मनुष्याच्या आयुष्यात बसणारे नव्हे.

अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने याच वाटेने दोन मोठे निकाल लावले. दोनाच्या बत्तिसाव्या घातात एक मिळविल्यास येणारी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे अशी फर्माची समजूत होती; ऑयलरने १७३२ साली ती ६४१ ने निःशेष भागली जाते असे दाखविले. आणि १७७२ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, घातांक ३१ ची संख्या मूळ असल्याचे त्याने सिद्ध केले. मर्सेनच्या यादीतील एक नोंद अशा रीतीने शाबीत झाली. सदुसष्टाकडे मात्र तोही वळला नाही.

याच काळात या उद्योगाची दुसरी एक शाखा फोफावली, आणि तिच्यातील माणसांविषयी लिहिताना लेखणी थोडी रेंगाळली तरी वाचक क्षमा करतील. ही शाखा कोष्टके करणाऱ्यांची. एकापासून आरंभ करून प्रत्येक संख्येचा लहानात लहान विभाजक ओळीने लिहीत जावयाचे, म्हणजे पुढील गणितज्ञास भागाकाराचे श्रम पडू नयेत, एवढाच तिचा हेतू. व्हिएन्नातील शाळामास्तर अँटोन फेल्केल याने १७७६ साली ४,०८,००० पर्यंतचे कोष्टक बादशाही खजिन्याच्या खर्चाने छापून घेतले. परंतु वर्गणीदार इतके थोडे मिळाले की उरलेल्या प्रती खजिन्याने परत घेतल्या आणि त्यांचा कागद तुर्कांविरुद्धच्या युद्धात काडतुसे वळण्यासाठी खर्ची पडला. हँबुर्गचा झाखारियास डाझे हा दोन शंभर-अंकी संख्यांचा गुणाकार पावणेनऊ तासांत तोंडी करणारा विलक्षण गणक होता. गौससारख्या महापंडिताने त्याला सातव्या ते दहाव्या दशलक्षापर्यंतची कोष्टके करण्याचे काम सुचविले, आणि डाझे ते करीत असतानाच १८६१ साली वारला. त्याने पुरे केलेले खंड त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाले. प्रागचा प्राध्यापक याकोब फिलिप कुलिक याने तर वीस वर्षे एकट्याने बसून दहा कोटींपर्यंतच्या संख्यांचे विभाजक हाताने लिहून काढले. त्याच्या मृत्यूनंतर ती हस्तलिखिते व्हिएन्नाच्या अकादमीत दाखल झाली. त्यांतील दुसरा खंड पुढे गहाळ झाला, आणि जे उरले त्याची तपासणी झाली तेव्हा त्यात चुकाही आढळल्या. म्हणून कुलिकचे श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक डेरिक नॉर्मन लेमर यांनी १९०९ साली एक कोटीपर्यंतचे विश्वसनीय कोष्टक प्रसिद्ध केले, ते पूर्वसूरींची हीच कोष्टके ताडून पाहत. आपल्या संख्येच्या दृष्टीने लक्षात ठेवावयाचे ते इतकेच, की तिचा लहान अवयवसुद्धा एकोणीस कोटींच्या पुढचा असल्यामुळे कुलिकचे संपूर्ण कोष्टक हाती असते तरी त्यात तो मिळाला नसता.

कोष्टकांच्या पलीकडे जाऊन एकेक संख्या गाठणारे साधकही होते. फ्रान्समधील लांद्री याने दोनाच्या अठ्ठावन्नाव्या घातात एक मिळवून येणारी संख्या ५, १०,७३,६७,६२९ व ५३,६९,०३,६८१ अशी फोडली आणि आपण हाताळलेल्या सर्व संख्यांत हिने जेवढे श्रम दिले तेवढे दुसऱ्या कोणीही दिले नाहीत, असे नमूद केले. काही वर्षांतच, १८७१ साली, ओरिफुइय याने दाखवून दिले की ही संख्या बीजगणिताच्या एका साध्या सूत्राने दोन सारख्या आकाराच्या भागांत ताबडतोब विभागता येते. लांद्रीचे महिन्यामहिन्यांचे काम एका ओळीत आले. पण त्या वृद्धाने धीर सोडला नाही. १८८० साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याने दोनाच्या चौसष्टाव्या घातात एक मिळवून येणारी वीस अंकी संख्या २,७४,१७७ ने फोडून दाखविली.

आता सदुसष्टाकडे येऊ. एदुआर ल्यूका हा फ्रेंच गणितज्ञ सामान्य वाचकांस ‘हनोईचा मनोरा’ या कोड्यामुळे परिचित असेल; काशीच्या मंदिरात चौसष्ट सुवर्णचकत्या हलविणाऱ्या ब्राह्मणांची जी कल्पित आख्यायिका त्या कोड्यास जोडली गेली, तीत चकत्या हलविण्याची एकूण संख्या आपल्या चौसष्ट घरांतील दाण्यांइतकीच भरते. याच ल्यूकाने १८७६ साली एक अपूर्व कसोटी मांडली. पुढे डेरिक हेन्री लेमर यांनी, म्हणजे वर उल्लेखिलेल्या लेमरांच्या चिरंजीवांनी, १९३० साली तिला जे सुटसुटीत रूप दिले त्यातच ती येथे सांगतो. चारापासून आरंभ करावा. वर्ग करून दोन वजा करावेत. येणाऱ्या संख्येस तपासावयाच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी. आणि हीच क्रिया घातांकाहून दोनाने कमी इतक्या वेळा करावी. शेवटी शून्य उरल्यास संख्या मूळ, न उरल्यास संयुक्त. घातांक ५ घेतला तर संख्या ३१. चाराचे चौदा होतात, चौदाचे १९४, त्यांची एकतिसाने बाकी आठ. आठाचे बासष्ट, आणि बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ. घातांक ११ घेऊन २,०४७ वर नऊ वेळा तीच क्रिया केली तर शेवटी १,७३६ उरतात. म्हणून २,०४७ संयुक्त.

या दुसऱ्या उदाहरणात २३ किंवा ८९ यांचे नावही कोठे आले नाही, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. संख्या संयुक्त आहे हे निर्विवाद ठरले आणि तिचे अवयव अज्ञातच राहिले. ल्यूकाच्या पूर्वी ‘संयुक्त’ म्हणणे आणि अवयव हाती देणे हे व्यवहारात एकच होते. अंगभूत गुणाचे ज्ञान आणि घटकांचे ज्ञान या दोन गोष्टी अलग आहेत, एकीचा मार्ग सुगम आणि दुसरीचा दुर्गम आहे, ही जाणीव ल्यूकाच्या कसोटीने प्रथमच इतक्या स्पष्टपणे करून दिली; माझ्या मते एकोणिसाव्या शतकातील अंकगणिताचा हा एक श्रेष्ठ बोध आहे. त्याच कसोटीने त्याने १२७ घातांकाची एकोणचाळीस अंकी संख्या मूळ ठरविली, आणि ६७ ची संख्या मूळ नाही असे सांगून मर्सेनच्या यादीतील एक नोंद प्रथमच रद्द केली. यापुढे सत्तावीस वर्षे ही संख्या त्या विचित्र अवस्थेत राहिली: ती फुटते हे सर्वांस ठाऊक, कोठे फुटते हे कोणासच ठाऊक नाही.

तो निकाल लावणारे फ्रँक नेल्सन कोल हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. हार्वर्डमध्ये शिकून ते लाइप्झिगला फेलिक्स क्लाइनच्या हाताखाली राहून आले होते. १८९६ पासून १९२० पर्यंत अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले. सभांची नोंद ठेवणे, पत्रे धाडणे, मुद्रिते तपासणे हा त्यांचा नित्याचा व्याप होता. अशा कामाच्या माणसाने सदुसष्टाचा ध्यास घेतला. त्यांनी आधार घेतला तो वर्गशेषांचा, म्हणजे वर्गसंख्यांना भागून उरणाऱ्या बाक्यांचा. एखादी लहान संख्या आपल्या मोठ्या संख्येचा वर्गशेष आहे असे दिसून आले की ती तिच्या प्रत्येक अवयवाचीही वर्गशेष असलीच पाहिजे, आणि या एका अटीत न बसणारे निम्मे उमेदवार बाद होतात. अशा परस्परांहून स्वतंत्र वीस अटी सापडल्या तर सुमारे दहा लाखांतून एकच उमेदवार उरतो. अटी शोधण्यासाठीच मोठे गणन करावे लागते, हे खरे. पण साडेचार कोटी भागाकारांच्या मानाने ते मानवी आवाक्यात येते.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे सोसायटीच्या बैठकीत त्यांचा ‘मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी’ हा निबंध होता. पुढे काय घडले त्याचे वर्णन गणितज्ञ एरिक टेंपल बेल यांनी लिहून ठेवले आहे: कोल फळ्याकडे गेले, एक शब्दही न बोलता दोनाचा सदुसष्टावा घात त्यांनी पायरीपायरीने मांडला, त्यातून एक वजा केला, मग फळ्याच्या कोऱ्या भागात १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्या लिहून त्यांचा गुणाकार सरळ रीतीने केला, दोन्ही उत्तरे जुळली, कोल जागेवर जाऊन बसले, आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. किती वेळ लागला, असे बेल यांनी १९११ साली विचारले तेव्हा तीन वर्षांचे रविवार, असे उत्तर मिळाल्याचेही ते सांगतात. बेल हे १९०३ साली पश्चिम किनाऱ्यावर स्टॅनफर्डला विद्यार्थी होते, आणि हा वृत्तान्त त्यांनी जवळजवळ अर्धशतकानंतर लिहिला. तेव्हा त्यातील टाळ्यांचा भाग जपूनच घ्यावा. निबंध व त्यातील अवयव मात्र सोसायटीच्या डिसेंबर १९०३ च्या मुखपत्रात छापलेले आहेत.

त्यांचा ताळा कोणासही घरी पाहता येईल. पहिल्या अवयवातील अंकांची बेरीज ३७, नऊ टाकून उरला १. दुसऱ्यातील अंकांची बेरीज ६४, तेथेही उरला १. म्हणून गुणाकारातही १ उरावयास हवा, आणि आपल्या संख्येतील एकवीस अंकांची बेरीज १०९ असल्यामुळे तो तसाच उरतो. फर्माचा नियमही दोघांना लागू पडतो: लहान अवयव हा १३४ च्या १४,४५,५८० पटीत एक मिळवून झालेला आहे. समजा, कोणी नुसत्या चिकाटीने फर्माच्या व आठाच्या नियमांत बसणारे उमेदवार ओळीने भागून पाहिले असते, तर ७,२२,७९० व्या भागाकाराला त्याला यश आले असते. तीन वर्षांच्या रविवारांशी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे कोल यांच्या वर्गशेषांची किंमत कळते. अवयव शोधण्यास वर्षे लागावीत आणि शोधलेले अवयव पडताळण्यास एक तासही पुरावा, हे या उद्योगाचे वैशिष्ट्य आहे, आणि म्हणूनच या क्षेत्रात कोणाचाही दावा त्याच्या कीर्तीवर तोलला जात नाही. गुणाकार केला की निकाल हाती येतो.

मर्सेनच्या यादीचा शेष हिशेबही यथावकाश पुरा झाला. ६१ ची संख्या मूळ असल्याचे रशियातील पर्वूशिन या धर्मोपदेशकाने १८८३ सालीच दाखविले होते. ८९ व १०७ यांच्या संख्या पॉवर्स यांनी १९११ व १९१४ साली मूळ ठरविल्या. आणि २५७ ची संख्या संयुक्त निघाली. म्हणजे यादीत दोन नोंदी फाजील आणि तीन गळालेल्या, अशा एकूण पाच चुका होत्या.

या कथेचा एक धागा हिंदुस्थानात येऊन पोहोचतो. पुरातत्त्व खात्याचे आद्य प्रवर्तक अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे चिरंजीव अ‍ॅलन कनिंगहॅम हे १८४२ साली दिल्लीत जन्मले, बंगाल इंजिनिअर्सच्या पलटणीत दाखल झाले आणि रुडकीच्या थॉमसन कॉलेजात गणिताचे अध्यापक राहिले. गंगेच्या कालव्यावरील त्यांचे जलप्रवाहाचे प्रयोग त्या काळी नावाजले होते. लष्करी सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी उरलेले आयुष्य घातांक-संख्यांचे अवयव पाडण्यात वेचले, आणि १९२५ साली वुडॉल यांच्यासह त्यांची जी कोष्टके प्रसिद्ध केली ती आजही कनिंगहॅमच्या नावाने भर घालीत चालू ठेवलेली आहेत. धाकट्या लेमरांनी सायकलच्या साखळ्यांचे यंत्र बांधले ते याच कामासाठी: प्रत्येक साखळीतील दुव्यांची संख्या एकेका लहान मूळ संख्येच्या पटीत ठेवावयाची, चालणारे दुवे खुणेने दाखवावयाचे, आणि सर्व साखळ्यांवरील खुणा एका रेषेत आल्या की यंत्र थांबावे. वर्गशेषांच्या अटी कोल यांनी लेखणीने चालविल्या, त्या येथे मोटार चालवीत होती.

अवयव पाडण्यातील हीच अडचण उपयोगात आणता येईल, अशी कल्पना कोणास सुचली असेल तर ती प्रथम अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याला. १८७४ साली त्याने ८,६१,६४,६०,७९९ ही संख्या देऊन लिहिले की हिचे अवयव आपल्याखेरीज कोणी ओळखील असे वाटत नाही. ते ८९,६८१ व ९६,०७९ आहेत, आणि थोरल्या लेमरांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच ते काढले. पण जेव्हन्सचा मुद्दा खरा होता. चुकला तो फक्त संख्येचा आकार. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी मॅसॅच्युसेट्समध्ये गुप्त संदेशांची जी पद्धत रचली तिचे सारे बळ दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर आहे: गुणाकार उघड करावा, अवयव गुप्त ठेवावेत. त्यांनी आव्हानासाठी जाहीर केलेली १२९ अंकी संख्या फोडण्यास चारशे कोटी कोटी वर्षे लागतील असा त्या वेळी अंदाज प्रसिद्ध झाला. १९९४ साली सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपली संगणक-यंत्रे एकत्र जोडून आठ महिन्यांत ती फोडली. त्यानंतर आकार वाढविले गेले, आणि आज बँकेच्या व्यवहारात वापरावयाच्या अशा संख्या सहाशे अंकांच्या वर असतात. संख्या मूळ की संयुक्त हा प्रश्न मात्र २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी तत्त्वतः पूर्णपणे सुगम असल्याचे सिद्ध केले. अवयवांचा प्रश्न जेथे होता तेथेच आहे.

सदुसष्टाची संख्या आता साध्या संगणकास क्षणभरही पुरत नाही. परंतु तिची १८७६ ते १९०३ मधील अवस्था दुसऱ्या एका संख्येच्या वाट्यास आली आहे. दोनाच्या १,२७७ व्या घातातून एक वजा केल्यास येणारी ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचे ल्यूकाच्या कसोटीने केव्हाच सिद्ध झाले आहे. तिचा एकही अवयव हे लिहीपर्यंत कोणास सापडलेला नाही.